पाठीवरचा टाक

आमच्या देव्हाऱ्यात एका कोपऱ्यात चांदीचा एक टाक असायचा. अंगठ्याच्या पेराएवढा पातळ पत्रा आणि त्यावर ठोकून उठवलेली एक बाई. तिचे नाकडोळे कधीच झिजून गेले होते, डोक्यावरच्या पदराची रेघ तेवढी कळायची. वरच्या अंगाला कडी होती, कारण हा टाक मुळात देव्हाऱ्यातला नव्हताच, गळ्यातला होता. पहिली बायको वारली आणि नवऱ्यानं दुसरी केली, की दुसरीनं पहिलीचा टाक करून गळ्यात घालायचा, सणाला आधी तिला नैवेद्य दाखवायचा, नवं लुगडं आधी तिला दाखवून मग आपण नेसायचं, अशी आमच्याकडची जुनी रीत. मेलेली सवत रुसू नये म्हणून एवढं सगळं. जिवंत बायकांच्या रुसण्याची कुणी एवढी काळजी घेतल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

हा टाक माझ्या आईच्या आईचा, असं आम्ही धरून चाललो होतो. आईला जन्म देऊन ती बाळंतरोगानं गेली, मग आजोबांनी दुसरं लग्न केलं, आणि त्या दुसरीनं आईला वाढवलं. आई तिला मावशी म्हणायची. मी नात, पण मीही मावशीच म्हणायचे. आईच्या पाठचे दोन भाऊ, ते मावशीचे. आई एकटी पहिलीची. विंचूरच्या अलीकडच्या गावातलं हे घर, आणि या घराबद्दल आई बोलायला लागली की तिची गाडी मावशीवर येऊन थांबायची.

मावशीनं तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, हे आई स्वतःच सांगायची. पण चारचौघांत कधी मांडीवर घेतलं नाही. भाऊ झाल्यावर त्यांच्या पापण्या चुंबायची, आणि आई जवळ गेली की म्हणायची, जा, तुझ्या आईला नमस्कार करून ये. लग्नात कन्यादानाला चुलता-चुलती बसले. सासरी निघताना आई सगळ्यांच्या पाया पडली, तेव्हा मावशी गोठ्यात म्हशीपाशी उभी होती, पाठ करून. आणखी एक गोष्ट आई फार कडवटपणे सांगायची. लहानपणी तापात, किंवा दुपारी घरात कुणी नसताना, मावशी तिला जवळ ओढायची, डोक्यातल्या उवा काढायची, अंगावरून हात फिरवायची. पण त्याआधी गळ्यातला काळा गोफ धरून टाक मागं पाठीवर टाकायची. "माझ्या आईला पाठ दाखवायची ती," आई म्हणायची. "माझी आई तिला डोळ्यांसमोर नको असायची."

मी हे इतक्यांदा ऐकलं होतं की मला तो काळा गोफ पाठीवर पडताना दिसायचा.

वडील गेल्यावर आई माझ्याकडे नाशिकच्या सिडकोत राहायला आली. खरं तर कोण कोणाकडे राहायला आलं हे सांगणं अवघड होतं, कारण घर माझं असलं तरी चुलीवरचा हक्क तिचा होता. मग न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आणि चूल माझ्याकडे आली. डॉक्टरांनी या वयात शस्त्रक्रियेचं धाडस नको म्हटलं. पलंगावर पडल्या पडल्या तिनं एके दिवशी मला सांगितलं, की मला माझ्या आईचं माहेर शोधून दे. तिच्या गावच्या देवीची ओटी भरायची राहिलीय. मला नेता येणार नाही हे मला कळतं, तू जाऊन भर, पण गाव शोध. पहिलीच्या माहेराशी संबंध तिच्या मरणाबरोबर तुटला होता. आजोबांना विचारायची कुणाची टाप नव्हती, आणि मावशीला विचारणं आईला कमीपणाचं वाटायचं. आईला तिच्या आईचं नाव तेवढं माहीत होतं, तेही सासरी ठेवलेलं. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीनं नवं नाव लिहिलं, की माहेरचं नाव संपलं. बायकांचा माग काढायला बसलेल्या माणसाची पहिली वाट अशी लग्नातच बुजवून ठेवलेली असते.

मी होकार दिला. अंबडला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी नोकरीची सगळी वर्षं काढली. आत आलेला माल, बाहेर गेलेला माल, शिल्लक, एवढंच आयुष्यभर जुळवत आले. मला वाटलं, माणसंही अशीच कुठे ना कुठे आत आलेली आणि बाहेर गेलेली लिहिलेली असणार. वाटलं ते अगदीच खोटं नव्हतं.

पहिल्यांदा गेले रामकुंडावर, आमच्या गावाच्या उपाध्यांकडे. आपल्याकडे अस्थी घेऊन आलेल्या माणसांची नावं ते गावागावानुसार लिहून ठेवतात, पिढ्यान्पिढ्या. त्यांनी लाल कापडातलं बाड सोडलं आणि दहा मिनिटांत आजोबा, पणजोबा, त्यांचे वडील, त्यांचेही वडील काढून दिले. कोण कधी आला, कोणाची हाडं घेऊन आला, सगळं. बायकांचं विचारलं तर त्यांनी बोट ठेवून दाखवलं: सपत्नीक. पाच पिढ्यांचे पुरुष मिळाले, आणि सगळ्या बायका मिळून एक शब्द मिळाला. मी दक्षिणा ठेवली आणि घाटाच्या पायऱ्या चढून रिक्षा पकडली.

मग तालुक्याची कचेरी. तिथं आजकाल पाय ठेवायला जागा नसते. जातीच्या दाखल्यासाठी अख्खा जिल्हा आपापले खापरपणजोबा शोधत हिंडतोय. कुणाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, कुणाच्या हातात पोराच्या प्रवेशाचे कागद, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव, की आमचा म्हातारा एकदाचा सापडू दे. म्हाताऱ्या कुणालाच नको होत्या. मी आजीच्या माहेरासाठी आलेय म्हटल्यावर रांगेतला एक जण म्हणाला, ताई, बाईच्या बाजूनं दाखला मिळत नाही. मी म्हटलं, मला दाखला नकोय. तो मग माझ्याकडे जरा काळजीनं पाहायला लागला.

जन्ममृत्यूची जुनी पुस्तकं कोतवालानं लिहिलेली, आणि बरीचशी मोडीत. मोडी वाचणारे एक गृहस्थ बाहेर झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे, पानावर पैसे घ्यायचे आणि सारखे घड्याळ बघायचे. त्यांना वाचण्यात अजिबात रस नव्हता, पण वाचायचे नीट. तिसऱ्या खेपेला त्यांनी आजोबांचं नाव काढलं. मरणाच्या पुस्तकात आजोबांच्या नावापुढं 'याची बायको' एवढंच होतं आणि कारणाच्या रकान्यात बाळंतरोग. तिचं स्वतःचं नाव नव्हतंच. पण मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांनी आजीनं कुठून तरी ओ दिल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, आता जन्माच्या पुस्तकात बघा, याच्या थोडं आधी मुलगी झालेली असणार.

मुलगी झालेली नव्हती. त्याच आठवड्यात आजोबांच्या नावावर एक मुलगा होता, आणि त्याच्यापुढं मयत. पान उलटलं, पुढची पानं उलटली. आजोबांच्या नावावर मुलगी सापडली ती कितीतरी पुढं, काही वर्षांनी. आईच्या शाळेच्या दाखल्याशी साल जुळत होतं. दाखल्यावर तारीख एक जून होती, पण ती तर त्या काळी गुरुजींनी अर्ध्या गावाला वाटलेली तारीख. साल मात्र तेच. म्हणजे आईला जन्म देऊन जी मेली, ती आईच्या जन्माआधी काही वर्षं मेली होती.

माझं डोकं लगेच स्टोअरच्या वाटेनं गेलं. आवक आहे आणि जावक आधीच झालीय, म्हणजे मधे एखादं चलन हरवलंय. मला वाटलं, आजोबांनी मधे आणखी एक लग्न केलं असणार. ती आईची आई, तीही वारली, मग मावशी आली. तीन बायका. मी त्या मधल्या बाईचं मरण शोधायला लागले. दोनदा गेले, मोडीवाल्या गृहस्थांना पुन्हा पैसे दिले. मधल्या पानांवर आजोबांच्या नावावर दोन पोरं गेलेली सापडली, दोन्ही जन्मल्यापासून थोड्याच दिवसांत. बाई कुठेच नाही. ज्या बाईला कुणी नाव देत नव्हतं, तिचं मरणही नोंदवायचं राहिलं असेल, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली. घरी आईनं विचारलं की मी सांगायचे, काम चाललंय, सरकारी काम म्हणजे वेळ लागतो.

कागद संपले, तेव्हा माणसाकडे जायचं सुचलं. आधी सुचायला हवं होतं, पण माणसं खोटं बोलतात आणि कागद बोलत नाहीत, अशी माझी नोकरीतली शिकवण. आईची एक चुलत बहीण विंचूरला दिलेली, आईपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. आई तिला अक्का म्हणायची, म्हणून आम्ही सगळेच अक्का म्हणायचो. नव्वदीला आलेली, कान शाबूत, डोळे गेलेले. मी गेले तेव्हा मार्केटला कांद्याचे ट्रॅक्टर लागले होते आणि रस्ताभर फोलपटं उडत होती. अक्का पडवीत खाटेवर बसली होती. चहा झाला, आईच्या हाडाची चौकशी झाली. मग मी विचारलं, "अक्का, माझ्या आईची आई कधी गेली गं?"

"मावशी ना? नाशकाला दवाखान्यात गेली की. तू व्हतीस तिथं."

मला वाटलं, वयानं घोटाळा होतोय. मी समजावून सांगितलं, मावशी नाही, पहिली. जिचा टाक आहे ती.

"ती व्हय? ती तुझ्या आईच्या जल्माआधीच गेली. म्या बी तिला पाह्यली नाय. ती कशी आसंल तुझ्या आईची आई?"

अक्काला उमगलं असावं की आपण काय बोलून गेलो. ती खाटेच्या पट्टीवर हात फिरवत राहिली. मग तिनं सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी, मधे पाणी मागत, आणि मी ते इथे सलग लिहिते आहे.

पहिली बाळंतपणात मुलासकट गेली. मग मावशी आली, वय फार तर पंधरा-सोळा. तिला पहिलं मूल झालं ते पाचवीच्या आत गेलं. दुसरंही तसंच. गावच्या सुईणीनं सांगितलं, थोरलीची वासना लेकरात अडकलीय, ती नेतेय. तिसऱ्या खेपेला आई जन्मली. पाचवीच्या पूजेला सुईणीनं सुपात बाळ ठेवलं, बाळाच्या छातीवर टाक ठेवला, आणि मावशीकडून सगळ्या बायकांच्या देखत वदवून घेतलं: थोरल्या बाई, ही पोर तुमची. मी तिची मावशी. अक्का तेव्हा पाच-सहा वर्षांची, स्वतःच्या आईच्या पदराला धरून उभी होती. घरातल्या सगळ्यांना ताकीद मिळाली की पोरीला आई कोण म्हणून विचारलं तर टाक दाखवायचा. कुणी चुकून मावशीला तिची आई म्हटलं, तर थोरली ऐकेल आणि पोरगी नेईल.

"अन् दूध?" मी विचारलं.

"दूध तिचंच. दुसऱ्या कोनाचं आसनार? पाजताना टाक मागं पाठीवर टाकायची. थोरलीला दिसू नाय म्हनून."

अक्का हे साध्या आवाजात म्हणाली, जसं कुणी सांगावं की उन्हाळ्यात माठावर ओलं फडकं टाकतात. मी खाटेचा खूर घट्ट धरून बसले होते.

मी विचारलं, मग आई मोठी झाली, लग्न झालं, तिला मुलं झाली, तेव्हा तरी सांगायचं. अक्का म्हणाली, सांगणार कोण. ज्यांना ठाऊक, ते भ्यायचे, आणि मागून आलेल्यांना ठाऊकच नव्हतं. मुलगी जगली, पाठची दोन्ही पोरं जगली, म्हणजे थोरली निवली, हे सगळ्यांना पटलं होतं. निवलेल्याला कोण छेडणार? तिनं स्वतः एकदा मावशीजवळ विषय काढला होता, आईच्या लग्नानंतर. "ती म्हनली, पोरगी जगती हाय ना? मंग मला आई म्हनली काय अन् मावशी म्हनली काय."

निघताना अक्कानं माझा हात धरला आणि म्हणाली, काखेत कळसा अन् गावाला वळसा झाला बाई तुमचा. एरवी मी हसले असते.

एसटीत खिडकीशी बसून मी मरून गेलेल्या माणसांवर चिडत राहिले. सुईणीवर, आजोबांवर, पाचवीला जमलेल्या त्या सगळ्या बायकांवर. आणि मग दवाखान्यातली ती दुपार आठवली. मी तेव्हा कॉलेजात होते. मावशीला गावाहून नाशिकच्या सरकारी दवाखान्यात आणलं होतं, आणि तिनं आईला निरोपावर निरोप पाठवले होते. आई गेली ती पाहुणी जाते तशी, पिशवीत चार संत्री घेऊन. मावशीनं उशापाशी बस म्हटलं तर आई पायथ्याशी उभी राहिली. मावशीनं गळ्यातला गोफ काढला, टाक आईच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, ही तुझी तुला. मग ती आईकडे बघत राहिली. तोंड उघडलं, ओठ हलले. आई म्हणाली, येते मी, आणि निघाली. जिन्यात मला म्हणाली, मरताना का होईना, माझी आई सोडली तिनं.

टाक गळ्यातून निघाल्यावर मावशीला बोलायचं होतं, हे आता मला कळत होतं. उभ्या जन्मात पहिल्यांदा तिच्या गळ्यात ऐकणारं कुणी नव्हतं. आई दोन मिनिटं थांबली असती तर. मीही तिथं होते, पिशवी धरून. मला रडू आलं आणि शेजारच्या बाईनं न विचारता खिडकीची काच खाली ओढून दिली.

घरी आई वाटच बघत होती. सापडलं का, तिनं विचारलं. मी म्हटलं, अजून नाही. पुढचे कितीतरी दिवस मी तेच म्हणत राहिले. सांगून काय साधणार होतं? ब्याऐंशी वर्षांची बाई, पलंगाला खिळलेली, सावत्र म्हणून जिच्यावर जन्मभर दात धरला तीच सख्खी, हे तिनं कुठे ठेवायचं? मावशी जायच्या आधी कळलं असतं तर पाया तरी पडली असती. आता पडायला पायही नव्हते. मी ठरवलं, सांगायचं नाही. देवीच्या कुठल्यातरी देवळात ओटी भरून येईन आणि म्हणेन, हेच ते गाव.

पण पितृपक्ष लागला. अविधवा नवमीला, म्हणजे सवाष्ण गेलेल्या बाईच्या तिथीला, आई दरवर्षी टाकापुढं पान वाढायची. त्या वर्षी मला सांगून तिनं पुरणाचं करवून घेतलं. पान वाढून झाल्यावर पलंगावरून ती टाकाशी बोलायला लागली, अगदी हळू, लहान मुलीसारखी. म्हणाली, माझी लेक तुझं माहेर शोधतेय गं, थोडे दिवस थांब. ते मला ऐकवेना. परक्या बाईपुढं माझी आई लेक होऊन बोलत होती, आणि जिनं तिला पाजलं तिच्या नावानं या घरात कधी घास काढलेला नव्हता. मी पलंगावर तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. कोतवालाच्या पुस्तकापासून अक्काच्या खाटेपर्यंत.

माझं संपल्यावर आई म्हणाली, अक्काला म्हातारचळ लागलाय. आणि भिंतीकडे तोंड केलं. पुरणाची पोळी तशीच राहिली.

त्यानंतर ती त्या विषयावर बोलेना. मी काही विचारलं की औषधाची वेळ झाली का, असं उलट विचारायची. मला वाटलं, आपण चूक केली. सुखानं पडलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण ओढून घेतलं. मग एका सकाळी मी तिचे केस विंचरत होते, तेव्हा ती म्हणाली, "उवा काढताना ती टाक मागं टाकायची ना..." आणि थांबली. मी कंगवा तसाच धरून ठेवला. मग तिनं विचारलं, "मावशीचं माहेर कुठलं गं?"

मला माहीत नव्हतं. तिलाही माहीत नव्हतं. मी मामेभावाला फोन केला, मावशीच्या सख्ख्या नातवाला. तोही म्हणाला, ताई, कधी विषयच निघाला नाही. दोन्ही मामा जाऊन वर्षं झाली होती. अक्कानं एवढंच सांगितलं, मनमाडकडची होती, बाप रुळावर कामाला होता, आणि लग्नानंतर त्याची बदली झाली ती कुठे कोण जाणे. मेलेल्या बाईच्या माहेरासाठी मी कचेऱ्या पालथ्या घातल्या होत्या, आणि जी आमच्यासमोर वर्षानुवर्षं भाकरी थापत बसली होती, तिला कुणी कधी विचारलं नव्हतं की बाई, तुझं गाव कोणतं.

मी मनमाडला जाऊन आले. रेल्वेच्या जुन्या चाळींत फिरले. गँगमनची बदली होऊन शंभर घरं बसतात आणि उठतात, तिथं ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचा एक बाप कोण सांगणार? एका म्हाताऱ्या पॉइंट्समननं चहा पाजला आणि म्हणाला, रुळावरच्या माणसाला गाव नसतं हो. मी प्लॅटफॉर्मच्या शेवटी जरा वेळ उभी राहिले. ओटी भरायला आणलेला खण पिशवीत तसाच होता. तो तसाच घेऊन परत आले. आईला म्हटलं, नाही सापडलं. या खेपेला ते खरं होतं.

दिवाळीच्या सुमारास आईनं टाक मागितला. मला वाटलं, हातात धरायचा असेल. तिनं काळा दोरा ओवून घेतला आणि गळ्यात घातला. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसताना बघते, तर टाक पाठीकडे सरकलेला. वाटलं, झोपेत गेला असेल. मी पुढं आणून ठेवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाठीवर. त्याच्यावर झोपल्यानं कातडीत त्याच्या कडेचा लाल वळ उठला होता. पडून असलेल्या माणसाला जखम व्हायला किती वेळ लागतो हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, आई, टोचतोय, काढू का?

"राहू दे," ती म्हणाली. "पाठीवरच राहू दे."

मी त्या वळाला खोबरेल लावलं. तेव्हा तिच्या पाठीचे मणके मोजता येण्याइतके वर आले होते. ती डोळे मिटून होती, आणि तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता. त्यानंतर मी रोज तेल लावायचे आणि टाक होता तिथंच ठेवायचे.

थंडीत ती गेली, दुपारी, घरीच. अक्काला कळवलं. मामेभाऊ गावाहून आला, अमरधामला सगळं उरकलं. टाक मी तिच्या अंगावरून काढला आणि दहाव्याला गोदावरीत सोडला. थोरलीनं तिची पोर सांभाळली होती, तिलाही आता मोकळं करायला हवं होतं.

मग मृत्यूच्या दाखल्यासाठी महापालिकेच्या कार्यालयात गेले. खिडकीत एक तरुण मुलगी संगणकावर बसली होती. डॉक्टरांचा कागद, अमरधामची पावती, आईचं आधार, सगळं तिनं एकेक करून बघितलं. मग विचारलं, "मयत व्यक्तीच्या आईचं नाव?"

माझ्या शेजारी मामेभाऊ उभा होता. तो पुटपुटला, ते आपल्याला कुठे... कारण घरातल्या कुठल्याच कागदावर ते कधी लिहिलेलं नव्हतं. आईनं तोंडानं मला काहीच सांगितलं नव्हतं, ना होय, ना नाही. शेवटपर्यंत ती मावशी मावशीच म्हणत राहिली. माझ्याकडे होता तो फक्त तिच्या पाठीवरचा वळ, आणि तोही अमरधामला गेला होता.

मी मावशीचं नाव सांगितलं. सासरचं, कारण माहेरचं आम्हाला कधी कळलंच नाही. मामेभावानं माझ्याकडे पाहिलं. ते त्याच्या आजीचं नाव होतं. मुलीनं टाइप केलं, पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, नीट बघून घ्या हं, नंतर दुरुस्तीला फार त्रास होतो. मी अक्षरन् अक्षर वाचलं. आईचं नाव, आणि त्याच्या खालच्या ओळीत तिच्या आईचं. थोरलीनं ऐकलं तरी आता भ्यायचं कारण नव्हतं. पोरगी जगायची तेवढी जगून झाली होती.